फाट्यावरचा माणूस

मित्रांनो, रुग्णवाहिकेत चालकाच्या डाव्या हाताला काचेची पाटी बसवलेली असते. तिच्यावर नकाशा दिसतो आणि रस्ता दाखवणारी निळी रेघ. तसाच एक टॅब मी. आता जुना झालो आहे. काचेला तडा आहे आणि वायर वाकडी धरली तरच मी जागा होतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिलं आठवतं ते नांदेडचं ऊन. शहरात आणि भोवतालच्या तालुक्यांत धावणाऱ्या एका रुग्णवाहिका सेवेत मी आलो. चालक नरसिंग मला पाहून म्हणाला, "आता ही पाटी मला रस्ता शिकवणार व्हय?" पहिले काही दिवस तो माझ्याकडे बघतच नव्हता. मग एकदा वजिराबादच्या गर्दीतून मी त्याला मोकळ्या गल्लीने बाहेर काढलं. तेव्हापासून तो रोज सकाळी आपल्या रुमालाने माझी काच पुसू लागला.

काम असं चाले. लोकांचे फोन कंट्रोल रूममध्ये तनुजा घेई. फोन कुठून आला आणि जवळची गाडी कोणती, ते तिच्या पडद्यावर दिसे. ती बटण दाबी आणि माझ्यावर लाल ठिपका उमटे. लोक म्हणत, "लई हुशार हाय पाटी." मलाही तसंच वाटे.

एका दुपारी लोह्याकडच्या शेतवस्तीवरून सटवाजी नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. त्याची बायको सुमनबाई हिच्या छातीत दुखत होतं, अंग घामाने भिजलं होतं. तनुजा म्हणाली, "काका, गाडी निघाली. घरीच थांबा."

मी गाडी बरोबर ठिपक्यावर नेली. पण घराला कुलूप होतं. अंगणातली बाज रिकामी होती. तनुजाने सटवाजीला फोन लावला, तर तो कुलुपाच्या आतच वाजू लागला.

मित्रांनो, मी फोन शोधला होता. माणूस नाही.

शेजारच्या शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे तिथल्या घरातून, एक म्हातारी आली. "जीपात घालून नेली की तिला. कालव्याच्या रस्त्यानं."

"मावशी, आम्ही येऊन राहिलो म्हणून सांगितलं होतं ना!" नरसिंग चिडला.

"बाबा, बाईचा जीव खालवर व्हायलाय, अन् वाट बघत बसायचं व्हय?"

तिचंही खोटं नव्हतं. पण त्या जीपमध्ये ना ऑक्सिजन होता, ना डॉक्टर. नरसिंगने तनुजाला कळवलं आणि गाडी वळवली. कालव्याच्या रस्त्याला खड्डे फार. जीप काही दिसेना. तेव्हा तनुजाने पडद्यावर पाहिलं. आमची दुसरी गाडी लोह्याहून परत येत होती. कालव्याचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे तिने ती उभी करायला लावली. "येईल ती जीप अडवा," ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा जीप अडवलेली होती. सुमनबाई स्ट्रेचरवर होती, ऑक्सिजन लागला होता. त्या गाडीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत सापडल्या. चला."

सुमनबाईने डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं. "तुमचा फोन कुठाय?"

सटवाजीने सगळे खिसे चाचपले. "चार्जिंगला राहिला गं."

"मला तरी नाही इसरलात, हेच लई झालं."

नरसिंगला हसू आलं. सटवाजी मात्र रस्त्यातच रडायला लागला.

सुमनबाई बरी झाली. तेव्हापासून तनुजा प्रत्येकाला विचारते, "फोन कुणाच्या हातात राहील? आणि फाट्यावर कोण उभं राहील?"

सुगीत दोघं नवराबायको भुईमुगाच्या शेंगा घेऊन कंट्रोल रूमला आले. सुमनबाईने पुढे आणखी काही सुग्या पाहिल्या. मग एका सकाळी चहा पिता पिता ती शांतपणे गेली. गाडी बोलवायची वेळच आली नाही.

माझी शेवटची फेरी त्याच वस्तीची. ती शेजारची म्हातारी पाय घसरून पडली होती. वाटेत रेंज गेली. ठिपका पुसला, नकाशा पांढरा झाला. नरसिंगने मला एक टपली मारली, तरी काही दिसेना. इतक्यात पुढे लाल रुमाल हलताना दिसला. फाट्यावर भर उन्हात सटवाजी उभा होता.

"हिकडं, नरसिंगभाऊ, हिकडं!"

"मामा, तुम्ही कशाला उन्हात? दुसरं कुणी नव्हतं का?"

"घरी बसून काय करू? वस्तीवरून कुणाचाबी फोन गेला की मीच येऊन थांबतो हितं." मग त्याने हात वर करून दाखवला. "अन् हे बघ, फोनबी घेतलाय. न्हाई तर ती वरून इचारंल."

तो पुढे बसला आणि वळणं सांगत गेला. नरसिंगने माझ्याकडे पाहिलंच नाही. मला वाईट वाटलं नाही.

आता मी कंट्रोल रूमच्या टेबलावर असतो. नवे चालक माझ्यावर हात बसवतात. नरसिंग येता-जाता अजून माझी काच पुसतो. माझं बरं चाललं आहे.

मित्रांनो, माझी फार काळजी करू नका. पण कधी गाडी बोलवलीत, तर फोन हातात ठेवा. थांबवत नसेल आणि निघालात, तर तेवढं कळवा. आणि घरातल्या एकाला फाट्यावर पाठवा. रुमाल कोणत्याही रंगाचा चालेल.