फोटोतली एकटी बाई

लंकाबाईंच्या मागे काठी घेऊन उभं राहायचं, हे माझं काम. खुरपायला माणूस वाकलं की बिबट्याला ते शेळीएवढं दिसतं. म्हणून एकीनं खुरपायचं आणि दुसरीनं उसाकडे तोंड करून राखण करायची. बिबट्यानं मान धरू नये म्हणून लंकाबाईंच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, पण बिबट्या आधीच दिसला तर पट्ट्यावर पाळी येत नाही. 'नुसतं उभं राहायची मजुरी!' म्हणून लोक हसतात. उभं राहून बघा म्हणावं. उसाचं वाळलेलं पाचट सळसळलं की छातीत धस्स होतं आणि सळसळ काही थांबत नाही.

त्या दिवशी पुण्याहून एक फोटोवाला आला. बिबट्याच्या भीतीत राबणाऱ्या बायकांचं प्रदर्शन भरवणार होता. माणूस गोड बोलायचा. जरा वेळानं मला म्हणाला, "ताई, थोडं बाजूला होता का? त्या एकट्या दिसायला हव्यात."

"एकट्या कशानं? मी हाय की."

"फोटोपुरतं हो."

"आन बिबट्याला कोण सांगनार, फोटोपुरतं हाय म्हणून?"

मी जागची हलले नाही. त्यानं तसेच फोटो काढले आणि गेला. वाटलं, जिंकले. मला मेलीला काय ठाऊक!

पुढच्या आठवड्यात शेताचे मालक दादाभाऊ मोबाईल नाचवत कांद्याच्या वावरात आले. "लंकाबाई, लई गाजला तुमचा फोटू!"

फोटोत लंकाबाई होत्या, पट्टा होता, मागे ऊस होता. मी नव्हते. माझ्या जागी ऊस उगवला होता. खरकटं पुसावं तसं मला पुसून टाकलं होतं. अंगाची नुसती लाही झाली.

"त्या दिवशी तू कुठं व्हतीस गं, रत्ना?" दादाभाऊ म्हणाले. "हजेरी तर पुरी घेतलीस."

"हितंच व्हते. त्यानं काढून टाकलं मला."

"मग ह्यात दिसत का न्हाईस?" त्यांनी फोटोवर बोट आपटलं. "तुझ्याबिगर काम झालंच की. पट्टा असला म्हंजे एकटी बाई पुरती. उद्यापासून तू येऊ नको."

लंकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गळ्यातला पट्टा सोडला आणि दादाभाऊंच्या हातात ठेवला.

"भाऊ, ह्यो त्या फोटूतल्या बाईला घाला. तिला राखण लागत न्हाई. कांदा बी तिच्याकडनंच खुरपून घ्या."

खुरपं कमरेला खोचून त्या बांधानं चालू लागल्या. त्या रस्त्याला लागेपर्यंत मी उसाकडे तोंड करून उभी राहिले. मग काठी खांद्यावर टाकून मीही निघाले.

मागे पाचट सळसळलं. लगोलग दादाभाऊंची हाक आली.

"रत्ना, थांब गं जरा! मला बी येऊ दे."