माझ्या पोटातला बल्ब

मी एक जुनी टोपली आहे, मासे धरायची. पण मित्रांनो, गेल्या महिन्यात पाहिले असते तर तुम्ही मला दिवा म्हणाला असतात. नेऱ्याजवळच्या एका फार्महाऊसमध्ये बारा वर्षे माझ्या पोटात बल्ब कोंबला होता. तो राग अजून गेलेला नाही.

मला कातकरी वाडीतल्या गोदूबाईने बांबूच्या काड्यांनी विणले. दोन काड्यांमध्ये करंगळी जाईल एवढीच फट ठेवायची, म्हणजे पिल्ले निसटतात आणि पुढच्या वर्षी मोठी होऊन येतात. तिच्या आठ वर्षांच्या कोमलने हट्टाने शेवटची ओळ विणली आणि एक फट चांगली दोन बोटांची करून ठेवली. गोदूबाई हसली, पण तिने ती उसवली नाही.

त्या वर्षी वीटभट्टी बंद पडली. विटा थापून कोमलच्या बापाचा, बुधाजीचा, अंगठा इतका झिजला होता की रेशनच्या यंत्रावर उमटेना. अंगठा नाही तर तांदूळ नाही. चुलीवर शिजायचे ते मी धरलेले. पाऊस ओसरला की मासे खाली उतरतात, म्हणून कोमल मला दगडांच्या बांधात वरच्या अंगाला तोंड करून बसवायची.

एके सकाळी ओढ्यावर तारेचे कुंपण उभे राहिले. कोमल खालून सरपटत आत आली. फार्महाऊसचे मालक सत्यजीत यांनी मला माशांसकट उचलले आणि ही चोरी आहे, असे तिला सुनावले.

"मासं काय तुमी सोडलं हुतं?" कोमलने विचारले.

त्यांनी मासे कुत्र्यांना घातले आणि मला व्हरांड्यात टांगले. पोर उपाशीपोटी कुंपण धरून उभी होती. चोर कोण, ते तुम्हीच ठरवा.

पुढे पाहुणे यायचे, काय कलाकुसर आहे म्हणत माझे फोटो काढायचे. त्या कौतुकाला आग लागो.

परवा झाडलोटीला एक नवी बाई आली. माझ्याकडे बघत थबकली, हात उंचावून तिने त्या मोठ्या फटीत दोन बोटे घातली.

"आमच्या आयची टोपली हाय ही," ती मालकांना म्हणाली. "मी नेते."

मग उद्यापासून कामाला येऊ नको, असे मालक म्हणाले. कोमलने बल्ब काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

आता मी कुंपणाबाहेर ओढ्यात बसले आहे. वर पोहण्याच्या तळ्यासाठी पाणी अडवले आहे, त्यामुळे इथे घोटाही बुडत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे शेवटी सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. मला जपून काय करता? पाणी सोडा.