रिकाम्या बाटलीचे छायाचित्र

माझ्या थोरल्या बहिणीने साबणाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेतून बिनपगारी रजा घेऊन अत्तर बनवले, तेव्हा तिचा हट्ट एकच होता: त्यापायी एकही झाड तुटता कामा नये आणि एकही वस्तू वाया जाता कामा नये. रसवाल्याकडची संत्र्याची साले, सुताराकडचा देवदाराचा भुसा, फुलवाल्याकडची न खपलेली फुले. बाटल्यादेखील फुटक्या काचा वितळवून ओतलेल्या. अर्क काढून उरलेले पाणीसुद्धा ती फेकत नसे. ते पोचे आलेल्या एका पातेल्यात साठवले जाई आणि त्याने आई रोज जिना पुसत असे. अत्तराची किंमत मात्र ताईने राजेशाही ठेवली होती. काटकसर आणि कंजूषपणा यांत फरक आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि या एका मुद्द्यावर मला तिच्याशी वाद घालता आला नव्हता.

रजा संपत आली होती. शहरातील अत्तरांच्या सर्वांत मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई त्या दुपारी स्वतः घरी येणार होत्या. छायाचित्र आणि सुगंध दोन्ही पसंत पडले, तर अत्तर त्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत झळकणार होते. न पडले, तर ताई सोमवारी पुन्हा साबणाच्या कारखान्यात. पहिली बाटली तेवढी तयार होती, बाकीचे अत्तर अजून कपाटात मुरत होते. छायाचित्राचे काम माझ्याकडे आले. मी व्यवसायाने छायाचित्रकार आहे आणि, घरच्यांच्या मते, स्वभावाने वकील.

"या काचेत बुडबुडे आहेत," बाटली उजेडात धरून मी म्हणालो.

"असणारच. वितळवलेली काच आहे ती."

"फोटोत डागांसारखे दिसतील. संगणकावर पुसून टाकतो."

"पुसून तर बघ! उद्या माझ्या नाकावरचा तीळही पुसशील."

"तिळाबद्दल माझा काही वाद नाही."

"सापडली बाई एक तरी गोष्ट! वकीलसाहेब, फोटो काढा आता. मी लेबलं घेऊन येते."

ती छापखान्यात गेली आणि खरी अडचण माझ्या ध्यानात आली. अत्तर जवळजवळ रंगहीन होते. त्या हिरवट काचेत ते नळाच्या पाण्यासारखे दिसे. आमच्या व्यवसायात यावर एक सर्वमान्य तोड आहे: बाटलीत पातळ, गाळलेला कोरा चहा भरायचा. मी स्वयंपाकघरात गेलो, हाताला लागलेल्या पहिल्या पातेल्यात अत्तर ओतले, बाटलीत चहा भरला आणि दिवे लावले. बाटली सोन्यासारखी उजळली. बुडबुड्यांविषयी ताईला काय सांगायचे, याचा युक्तिवादही मी मनात जुळवून ठेवला.

मालकीणबाई आणि ताई दारात एकदमच पोहोचल्या. बाईंनी पडद्यावरचे छायाचित्र बराच वेळ न्याहाळले.

"सुरेख आहे. पण असे सोनेरी फोटो माझ्याकडे ढिगाने येतात." मग मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी बाटली उचलली, मनगटावर फवारा उडवला आणि हुंगला. पुन्हा हुंगला. "साखर घालायची राहिली वाटतं."

ताईने बाटली घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिले.

"अत्तर कुठाय?"

"सुरक्षित आहे. पातेल्यात."

"कोणत्या पातेल्यात?"

"ते... पोचे आलेलं."

तेवढ्यात बादली आणि फडके घेऊन आई दारात उभी राहिली. "अगं ताई, आजचं पाणी काय झकास जमलं होतं! बादलीत मिसळून जिना खालपर्यंत पुसून काढला. शेजारीणबाई मघापासून दार उघडं टाकून बसल्यात, म्हणतात, बंद करवत नाही."

ताई मटकन खुर्चीत बसली. "आई, ते अत्तर होतं."

"त्या पातेल्यात? मग सांगायला नको का?" आईने गुन्हेगार तत्काळ ओळखला. "तुझेच उद्योग असणार!"

मी बचावासाठी तोंड उघडले. पण मालकीणबाईंनी हात वर केला. "थांबा. म्हणजे जिन्यात दरवळतंय ते हे? अहो, मी प्रत्येक वळणावर थांबत वर आले, आणि गुडघ्यांसाठी नव्हे! मला वाटलं, या इमारतीत कुणी संत्र्यांची बाग लपवून ठेवलीय." त्या उठून थेट जिन्यात गेल्या. आम्ही मागोमाग. ओल्या पायऱ्यांवर डोळे मिटून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. "आणखी आहे?"

"कपाटात मुरतंय," ताई कशीबशी म्हणाली. "महिन्याभरात तयार होईल."

"दर्शनी काच तोवर मोकळी ठेवते. फोटो मात्र दुसरा हवा. इथला. हीच बाटली, रिकामी."

"रिकामी बाटली पाहून कोण विकत घेईल?" माझ्याने राहवले नाही.

"बाटली रिकामी झाली म्हणजे कुणाला तरी आवडली. ती परत आणा, पुन्हा भरून न्या. काही वाया जाता कामा नये, असं तुमच्या ताईंनीच कळवलं होतं ना?"

चहा मी त्याच पातेल्यात ओतला, बाटली धुतली आणि ओल्या पायरीवर ठेवली. जिन्याच्या खिडकीतून आलेले ऊन काचेतून आरपार गेले, आणि ज्यांना मी डाग म्हणत होतो त्या बुडबुड्यांनी भिंतीवर उजेडाची इवली कडी उमटवली. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"आई, फडकं बाजूला घे, टोक येतंय फोटोत."

"येऊ दे," ताई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हते. "जाहिरात खरी त्यानंच केलीय."

मी बटण दाबले. बुडबुडे पुसले नाहीत, फडकेही नाही.

खाली उतरताना मालकीणबाई पुन्हा प्रत्येक वळणावर थांबत होत्या. ताई कठड्यावरून वाकून त्यांना पाहत राहिली. आई मात्र चिंतेत होती.

"सगळं झालं खरं, पण उद्या मी जिना कशानं पुसू?"

"चहानं," ताई म्हणाली. "पातेल्यात ठेवलाय वकीलसाहेबांनी."