पोटफोड्या ष

मी एक जुना नियम आहे, मित्रांनो. शाळेतला नाही आणि रस्त्यावरचाही नाही. संगणकात लेखन-संपादनाचा एक प्रोग्रॅम आहे, त्याच्या सेटिंगमध्ये एक यादी आहे आणि त्या यादीतली तिसरी ओळ म्हणजे मी. फाइल उघडली की मी तिचा पहिला शब्द वाचतो. तो माझ्याशी अक्षरन् अक्षर जुळला तर मी फाइलीला नीट सजवून पुढे करतो: शब्द ठळक, अर्थ त्याखाली, अक्षरे बोराएवढी. जुळला नाही तर मी गप्प. मग फाइल कंसांच्या आणि खुणांच्या जंजाळात, मुंगीएवढ्या अक्षरांत उघडते.

मला एका भाच्याने आपल्या मावशीसाठी घडवले. मावशी निवृत्त शिक्षिका, तिचे वडील सुतार. त्यांच्या कामातले शब्द विसरले जाण्याआधी त्यांचा कोश करायचा, हा तिचा एकच ध्यास होता. नजर मात्र अधू. "मावशी, तू फक्त फाइल उघड. बाकी सगळं हा बघेल," भाचा म्हणाला. हा म्हणजे मी! त्या दिवशी माझा ऊर भरून आला होता.

पण माझ्या जन्मातच एक गोम होती. शुद्धलेखनाशी भाच्याचे हाडवैर. लहानपणी मावशीच्या लाल शाईने त्याच्या वह्या रक्तबंबाळ व्हायच्या. त्याने माझ्यात शब्द घातला 'कोष', चक्क पोटफोड्या ष! फाइलीच्या माथ्यावर आणि तळाशीही तोच, पण खुणेच्या बारीक अक्षरांत, म्हणून मावशीला तो कधी दिसला नाही. चुकीला चूक भेटली आणि आमचे सहा वर्षे झकास जुळले. गिरमीट लिहून झाले, पटाशी झाली, रंधा झाला. रोज सकाळी फाइल उघडली की मावशी म्हणायची, "आला बाई माझा कोश!"

एकदा कोश छापणार असलेल्या छापखान्याने नमुना म्हणून फाइलीचे पहिले पान खुणांसकट छापून पाठवले. मावशीने भिंग लावले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! जगाच्या चुका काढल्या आणि माझ्याच दारावर ही पाटी?" भाच्याला सांगायला तिने फोन उचलला, मग खाली ठेवला. "नको. म्हणेल, मावशीची लाल शाई अजून वाळली नाही." भिंग पडद्याला टेकवून तिने स्वतःच फाइलीच्या माथ्यावरचा आणि तळाचा ष खोडला, श घातला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाची चूक न बोलता सुधारली होती.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. माथ्यावर 'कोश'. मित्रांनो, मी फाइल ओळखली होती, पण नियमाला ओळख दाखवता येत नाही. मावशी मुंग्यांच्या रांगांकडे बघत राहिली. "काय करून बसले मी हे?" तिने फाइल तीनदा बंद केली, तीनदा उघडली.

भाचा रविवारी आला. "कशाला हात लावला होतास का गं?"

"नाही रे," मावशी म्हणाली. लाल शाईचा विषय तिला नको होता.

त्याने यादी उघडून मला पाहिले, मग फाइल पाहिली आणि मोठ्याने वाचले, "इथे कोश, तिथे कोश. जुळतंय की!" श काय नि ष काय, त्याच्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. मावशीला फरक कळला असता, पण तिथवर तिची नजर पोचत नव्हती आणि ऐकून तो कळत नव्हता. मला तोंड असते तर मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो.

त्याने दिवसभर खटपट केली. अक्षरे मोठी केली, तर शब्द कुठला आणि खूण कुठली हेच मावशीला समजेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "मावशी, आता पुरे कर ना. किती शिणवशील डोळे?"

"बरं," ती म्हणाली. "माझंच डोकं चालेनासं झालंय."

तिचे डोके अगदी ठीक होते आणि ते फक्त मला ठाऊक होते. आता संगणकावर चादर आहे. पुढच्या महिन्यात भाचा त्यातले सगळे पुसून तो कुणाला तरी देणार आहे, त्यात मीही जाईन. फाइलीत शेवटी 'सांधा' हा शब्द आहे, त्याच्या अर्थाची जागा रिकामी आहे.

मित्रांनो, दुसऱ्याची चूक जरूर सुधारा, पण सुधारलीत की त्याला सांगा. रागावून सांगा, लाजत सांगा, हवे तर लाल शाईने सांगा. मावशीने त्या दिवशी फोन खाली ठेवला नसता, तर सांधा म्हणजे काय ते तुम्हाला तिच्या कोशात सापडले असते.