असोद्याहून उलटी आलेली पिकअप

मंगळवार, ८ मे १९९०, सकाळी सव्वानऊ. असोद्याहून निघालेली एक पिकअप जळगावच्या नाक्यावर उलटी शिरली. मागची फळी शहराकडे, तोंड गावाकडे. तोंडाला आडवी बाज बांधलेली, बाजेवर जुनं धोतर आणि धोतरावर ओल्या कुरडया. मान मागे वळवून गाडी चालवत होता जीवराम. मागच्या हौद्यात उभी राहून रस्ता सांगत होती त्याची बायको बेबाबाई.

"डावीकडे घ्या! अहो, तुमच्या नाई, माह्या डावीकडे!"

नाक्यावरच्या हवालदारानं हात केला.

"उलटी का?"

"सरळ चालवली तं तापते, साहेब."

"मग दुरुस्त करून घ्या."

"दुरुस्तच केली हाये. तवापासूनच तापते."

हवालदारानं कागद मागितले. जीवरामचा जीव त्या कागदांतच अडकला होता. पासिंगची मुदत आज संपत होती. सोळा वर्षं केळी वाहिलेली ही गाडी आज पास झाली नाही, तर उद्यापासून तिला रस्ता बंद आणि असोद्याची केळी दुसऱ्याच्या गाडीत. हवालदारानं कागद उलटसुलट पाहिले, गाडीही तशीच पाहिली. उलटं चालण्याचं कलम काही त्याला आठवेना. त्यानं सोडून दिलं.

झालं होतं ते असं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा तडकला, म्हणून शनिवारी हिलाल मिस्त्रीनं तो काढला आणि भंगारातल्या मोटारीचा, बॅटरीवर चालणारा पंखा रेडिएटरला बसवला. हिलाल दोंडाईच्याचा, अहिराणी बोलणारा, असोद्याला बहिणीकडे आलेला. त्यानं नारळ फोडला, पंखा गरगरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडी मैलभर गेली आणि चुलीवरच्या पातेल्यासारखी उकळली. उभी ठेवली तर मात्र गारच.

सोमवारी आभाळ भरून आलं. बेबाबाईनं गल्लीतल्या तिघींसह पहाटेच कुरडया घातल्या होत्या. ऊन नाही तर त्या आंबणार. दुपारी जीवरामनं गाडी चालू करून बॉनेट उघडलं, तर जाळीतून गरम वारा बाहेर येत होता. पंखा वारा आत ओढायचा सोडून पुढे फेकत होता. जीवरामला काही सुचायच्या आत बेबाबाईनं बाज ओढून जाळीसमोर लावली.

शेजारच्या झिपरूनं निदान केलं. "नाना, त्यानं दोन तारा उलट्या जोडल्या. बदलून टाका. पाच मिनिटाचं काम."

हिलालला बोलावलं. तो आला तेव्हा गल्लीतल्या बाया त्याच्या पंख्याचं कौतुक करत होत्या. त्यानं झिपरूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चूक नही शे, भाऊ. दोन कामना पंखा शे हाऊ. मी मुद्दाम तसा बसाडा."

"आन गाडी कशी चालवू?"

"उलटी चालाड!" हिलाल रागानं म्हणाला आणि निघून गेला.

जीवरामनं मारुतीच्या पारापर्यंत गाडी उलटी नेऊन पाहिली. तापमानाचा काटा हलला नाही. मागे जाताना वारा मागून येत होता आणि पंखाही तिकडूनच फेकत होता, दोघांचं जमलं. मग तारा बदलायला त्यानं पक्कड आणली, तेव्हा बेबाबाई बॉनेटला पाठ लावून उभी राहिली.

"पासिंग दरसाली असते. तीन दिवस गहू भिजवला म्या. चौघींच्या कुरडया हायेत, उत्तर मले द्यायचं हाये."

म्हणून आज अशी यात्रा निघाली होती.

आरटीओच्या तपासणीच्या मैदानावर इन्स्पेक्टर बन्सीलाल साहेबांनी बाज सोडायला सांगितली नाही. ती बंपरचा भाग असावी अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी दोन चकरा मारायला सांगितल्या. जीवरामनं दोन्ही उलट्या मारल्या, सुईत दोरा ओवावा तशा.

"सरळ मारा."

"साहेब, ज्या बाजूनं जातो ती माह्यासाठी पुढचीच."

"कागदावर तसं लिहिता येत नाही."

सरळ चकरेत अर्ध्यावर गाडी उकळली. वाफ जाळीतून उसळली आणि वाळत आलेल्या कुरडया पुन्हा ओल्या झाल्या. बेबाबाई हौद्यातून उतरली आणि पदरानं एकेक कुरडई टिपू लागली, हे जीवरामला जास्त लागलं.

साहेबांनी स्वतः वाकून पंखा पाहिला. "तारा उलट्या आहेत. बदला, सरळ दोन चकरा मारा, सही करतो. पाचला मी उठतो."

बेबाबाईनं पदर खोचला. "बदलल्या तं कुरडया कोन वाळवीन? तुमचं हापिस?"

साहेबांनी आभाळाकडे पाहिलं. ते अजून भरलेलंच होतं.

पाणी भरून गाडी पुन्हा चालू केली, तेव्हा साडेबारा झाले होते. तेव्हापासून ती मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या गरम वारा फेकत होती. कचेरीतला शिपाई दोनदा येऊन कुरडयांना बोट लावून गेला. तिसऱ्यांदा घरून सांडग्यांची परात घेऊन आला आणि न विचारता बाजेच्या टोकाला ठेवून गेला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. जीवरामचा एक हात पंख्याच्या तारेवर होता, दुसऱ्यात पक्कड. त्यानं बायकोकडे पाहिलं. वाळली का म्हणून बेबाबाईनं कडेची एक कुरडई उचलून मोडून पाहिली.

ती मोडली नाही. वाकली.