हैबती बायकोला आणायला निघाले

लढाई लागून रॉकेल मिळेनासं झालं, त्या साली हैबती आपल्या बायकोला विसरले. त्याआधी ते बरंच काही विसरले होते. कोयता कुठं ठेवला ते, जेवण झालं की नाही ते. एकदा तर वेल्ह्याच्या बाजारातून दुसऱ्याचीच शेळी ओढत घेऊन आले आणि रायबाला, त्यांच्या लेकाला, ती परत नेऊन द्यावी लागली. कुणी फार मनावर घेतलं नाही. सत्तरी उलटल्यावर माणसाचं थोडं सांडायचंच.

पण एका सकाळी सोजराबाईनं भाकरी पुढं ठेवली, तर म्हातारा पाय आखडून भिंतीला सरकला.

"बाई, तुमी कुनाच्या?"

पन्नास वर्षांत नवऱ्यानं पहिल्यांदाच थट्टा केली असं वाटून ती हसली. "तुमचीच की."

हैबती कानापर्यंत तांबडे झाले. "आसं बोलू नगा. माजं लगीन झालंय."

तेव्हापासून परक्या बाईबरोबर एका छपराखाली नको म्हणून ते दिवसभर अंगणात बसू लागले. दिवस कलला की सांगायचे, "बाई, घरी जावा आता. मालक वाट बघत आसंल." सोजराबाई मुकाट्यानं पुढच्या दारानं जायची आणि गोठ्यातून आत यायची.

भोरच्या वैद्यानं पुड्या दिल्या आणि बजावलं, म्हाताऱ्याशी वाद घालू नका. रायबाला ते जमेना. "आबा, आवो ही माजी आई हाय."

"तुजी आसंल," हैबती म्हणाले. "माजा काय संबंध?"

सोजराबाई पदराआड रडायची, ते खरंच. पण एक गोष्ट तिनं फक्त सुनेला, बनाबाईला सांगितली. लग्न झाल्यापासून 'ए' आणि 'आगं' यांच्या पलीकडं न गेलेला हा माणूस आता 'तुमी' म्हणत होता. भाकरी झ्याक झालीया असंही म्हणत होता. "यडा झाला गं," ती म्हणाली, "पर वळण लागलं."

कार्तिक सरता सरता एके दिवशी हैबती धुतलेलं पागोटं बांधून, काठी घेऊन दारात उभे राहिले.

"कुठं निगाला?" सोजराबाईनं विचारलं.

"बायकूला आनाय. पालीच्या वरच्या वाडीला गेलीया. रुसलीया."

तिचा पिठातला हात थांबला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती खरंच रुसून माहेरी गेली होती. चार माणसांत त्यांनी तिच्या आईच्या कालवणाला नावं ठेवली म्हणून. तीन महिने तिनं वाटेकडं डोळे लावले. शेवटी लोक बोलू लागले तेव्हा बापानंच तिला आणून घातलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नव्हते.

"मग आजवर का गेला न्हाई?" तिनं हळूच विचारलं.

"लाज वाटली, बाई. चूक माजीच हुती. पर आमचा बा म्हनला, बायकूमागं पळनाऱ्या गड्याला मेंढरं बी भीत न्हाईत."

रायबा त्यांना धरायला उठला. सोजराबाईनं त्याचे हात झटकले. "आडवू नगंस. मी जाते संगट."

"बाई, तुमाला कशाला तरास?" हैबती म्हणाले.

"माजी बी वाट तिकडचीच हाय."

चढ लागला तशी तिला राहवेना. "दिसाय कशी हाय तुमची बायकू?"

"बरी हाय. तोंडाची लई फटकळ." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "पर ती नसली की कुत्रं बी जेवत न्हाई."

वाडीत सोजराबाईचा थोरला भाऊ कोंडिबा अंगणात दोर वळत बसला होता. हैबतींनी त्याला सासरा समजून थेट त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "मामा, सोजरीला धाडा."

कोंडिबानं बहिणीकडं पाहिलं. तिनं मान डोलावली. मेव्हण्याचा पन्नास वर्षांचा राग पोटात ठेवलेला हा माणूस, त्याला आयती संधी चालून आली.

"आत्ता सुचलं व्हय, जावाईबापू?"

"चुकलं."

"ऐकू आलं न्हाई."

"चुकलं, मामा."

"कान धरा बगू."

हैबतींनी कान धरले. सोजराबाई पुढं झाली. "पुरं की आता, दादा." आणि ती आत गेली. भावजय साळूबाईनं आपलं नवं लुगडं काढून दिलं. ते नेसून, डोक्यावर पदर घेऊन सोजराबाई उंबऱ्यात उभी राहिली. ओळखलं नाही तर भाऊ-भावजयीसमोर काय करायचं?

हैबतींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"आगं, किती वाळलीस," ते म्हणाले. "हितं खायाला घालत न्हाईत व्हय?"

कोंडिबा दोर टाकून उठला. साळूबाईनं त्याला मागं ओढलं. सोजराबाईला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

परतताना वस्ती दिसू लागली तसे हैबती थबकले. "एक सांगायचं ऱ्हायलं. घरात एक बाई येती. भाकऱ्या करती. भली हाय बिचारी. तिला टाकून बोलू नगंस."

"न्हाई बोलनार."

"ऱ्हाऊ द्यू तिला?"

"ऱ्हाऊ द्या. कामाला हुईल."

चार दिवस सगळं ठीक चाललं. मग हैबतींच्या लेखी बायको पुन्हा रुसून गेली. त्या हिवाळ्यात हैबती तिला आणखी दोनदा आणायला गेले, आणि कोंडिबा दोन्ही वेळा सासरा झाला. तिसऱ्या खेपेला साळूबाईनं नणंदेला बाजूला घेतलं. "वन्सं, आदल्या दिशी सांगावा धाडत जा. कोंबडं धरून ठेवाय यील."