गुलाब वाळवणारी कात्री

मित्रांनो, मी छाटणीची एक जुनी कात्री आहे. माझी एक मूठ लाल आहे आणि दुसरीचा रंग कधीच उडून गेला आहे. स्वतःची गोष्ट सांगताना सगळे आधी मोठेपणा सांगतात. माझ्याकडेही तो होता, पण आज तो सांगायला जीभ रेटत नाही.

एका कारखान्यात पोलाद तापवून माझी पाती घडवली आणि मधे स्प्रिंग बसवली. दुकानातून मला उचललं ते एका म्हाताऱ्या शिंप्याने. चाळीस वर्षं कपडे बेतून तो नुकताच घरी बसला होता, पण हात शिवशिवत होते. घरामागे त्याच्या सुनेने लावलेले सतरा गुलाब होते. त्यातला पांढरा तिने माहेरहून फांदी आणून जगवला होता.

पानगळ सुरू झाली की आमची छाटणी सुरू व्हायची. "काप बघ, सूनबाई! अगदी इस्त्री फिरवल्यासारखा!" शिंपी म्हणायचा आणि मी फुशारून जायची.

एका पानगळीत कोपऱ्यातलं एक झाड दुखणाईत झालं. त्याचे शेंडे काळे पडून वाळत होते. सून म्हणाली, "बाबा, ते झाड सगळ्यात शेवटी घ्या. आणि दर झाडाला कात्री स्पिरिटने पुसा."

"चाळीस वर्षं कात्री धरली मी. कधी पुसली नाही!"

"ते कापड होतं, बाबा. कापड आजारी पडत नाही."

शिंपी इरेला पेटला. त्याने मुद्दाम तेच झाड आधी घेतलं. त्याचा चिकट रस माझ्या पात्यांना लागला, ते मला कळलंही. पण धार तेज होती आणि कौतुकाची चटक लागली होती. तशीच मी दुसऱ्या झाडाला भिडले, मग तिसऱ्या. निदान पांढऱ्या गुलाबापाशी तरी स्प्रिंग अडकवून बसायला हवं होतं मी! एरवी मी कितीदा अडकत असे. त्या दिवशी मात्र लोण्यातून फिरावी तशी फिरले.

पालवीच्या दिवसांत अकरा झाडं काळी पडली. पांढरा गुलाब मुळापर्यंत वाळला. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, तेव्हा शिंपी म्हणाला, "सूनबाईंनी पाणी जास्त घातलं, दुसरं काय!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! सुनेने हातातली झारी खाली ठेवली आणि त्या दिवसापासून बागेत येणंच सोडलं. मी खिळ्याला लटकून मूग गिळून बसले होते.

पुढच्या पानगळीत शिंप्याने धार लावायला मला खोललं. सांध्यात काळा, वाळलेला थर होता. त्याने तो नखाने खरवडला. मग उठून एका वाळक्या झाडाकडे गेला. फांदी नेमकी कापापासून खाली काळी पडत गेली होती. दुसरीही तशीच, तिसरीही. तो पायरीवर येऊन बसला.

"सूनबाई," त्याने हाक मारली, "पाणी जास्त झालं नव्हतं गं. तुझी झाडं मी मारली. या कात्रीने."

"माहीत आहे, बाबा. काप मी तेव्हाच पाहिले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही शेजारच्या काकूंना सांगून मोकळे झालात. मला विचारलंत कुठे?"

माझी मेल्याहून मेल्यासारखी गत झाली. म्हातारा उठला, मला हातात घेऊन तसाच शेजारणीच्या दारात गेला आणि माझी उघडी पाती तिच्यापुढे धरून म्हणाला, "सूनबाईंचा दोष नव्हता. मी कात्री पुसली नाही. ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलं असेल, त्यांना हेही सांगा."

मित्रांनो, आम्हा हत्यारांना पुसून, कोरडं करून ठेवत जा. आणि आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं असेल, तर ज्या दारात ते फोडलं, त्याच दारात जाऊन चूक कबूल करा. उशीर करू नका. सून आता पुन्हा बागेत येते, मला पुसूनच वापरते. पांढऱ्या गुलाबाच्या जागी मात्र तिने अजून काहीही लावलेलं नाही.